जुनी ‘मिरर’ पुन्हा पाण्यात उतरवताना

ब्रिटनमध्ये १९६२ साली जॅक होल्ट आणि टीव्हीवर घरदुरुस्ती शिकवणारे बॅरी बकनेल यांनी ‘मिरर’ ही जेमतेम ११ फुटांची शिडाची होडी आखली. प्लायवूडचे तक्ते तांब्याच्या तारेने टाचायचे आणि सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी रेझिनने चिकटवायची. घरच्या घरी बांधता यावी हाच हेतू. त्यामुळे हौशी मालकाला ती दुरुस्तही करता येते.

जुनी मिरर घेताना रंगाला भुलू नये. होडी बुडू नये म्हणून ठेवलेल्या बंद हवापेट्यांत पाणी साचून राहिले, की प्लाय आतून कुजतो. टोच्या सहज रुतला तर तेवढा भाग कापून नवा मरीन प्लाय बसवावा. पण आधी लाकूड पूर्ण सुकू द्यावे. इथली घाई सर्वांत महाग पडते. सांध्यांवर साबणाचे पाणी लावून पेटीत हळूच हवा फुंकली, की बुडबुडे गळती दाखवतात.

डोलकाठी आखूडच असते. तिच्यावरून दुसरी काठी जवळजवळ उभी वर चढते आणि लाल शीड उंच जाते. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तिन्ही तारांवरून फडके फिरवावे. ते कुठे अडकले, तर तारेचे पेड तुटू लागले आहेत. ती तार बदलावीच. उसवलेले शीड मात्र शिवून चालते.