बोटांना जाणवणारा ॲम्प

गिटारवादकाला नवा ॲम्प वाजवायला दिला, तर आवाजाबद्दल तो दोन वाक्यं बोलेल आणि मग स्पर्शाकडे वळेल. हा कडक आहे, तो मऊ आहे, याच्यात नोट आधी जरा बसते आणि मग फुलते, त्याच्यात पिक लागताक्षणी सगळं बाहेर येतं. आवाज स्पीकरमधून येतो आणि बोटं तारेवर असतात, मग मधल्या यंत्राचा ‘फील’ बोटांना कसा कळणार, अशी शंका ऐकणाऱ्याला येते. पण फील खरा आहे आणि त्याला विजेच्या हिशेबातली कारणं आहेत. गोंधळ त्या कारणांबद्दल आहे. चुकीचं कारण धरून लोक महागडे ॲम्प घेतात आणि हातातले चांगले विकून टाकतात.

‘फील हा मनाचा खेळ आहे, यंत्रावर मोजला तर काही सापडत नाही,’ हा सगळ्यांत जुना गैरसमज. सापडतं, आणि ऑसिलोस्कोपवर स्पष्ट दिसतं. ट्यूब ॲम्पमध्ये एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर असतो. जुन्या ॲम्पमध्ये तोही ट्यूबच असायचा आणि त्याचा अंतर्गत रोध बराच असायचा. जोरात कॉर्ड मारली की पॉवर ट्यूब एकदम जास्त करंट ओढतात, त्या रोधापायी व्होल्टेज खाली येतं आणि आवाजाची कमाल मर्यादा क्षणभर घसरते. कॉर्ड ओसरू लागली की व्होल्टेज पुन्हा वर चढतं. घरात पाण्याची मोटर सुरू होताना दिवा मंदावतो, तशातला हा प्रकार. वादक त्याला सॅग म्हणतात. नोटेची सुरुवात दबते, तिची शेपटी लांबते, आणि ते ऐकून हात पुढचा आघात जरा वेगळा करतो. बोटांना जाणवतो तो हा परिणाम: ॲम्पने दिलेल्या उत्तरावर हाताने दिलेलं प्रत्युत्तर.

फेंडरचे दोन ॲम्प शेजारी ठेवले तर हे लगेच उमगतं. १९५०च्या दशकातला ट्वीड डिलक्स जेमतेम १२ ते १५ वॅटचा. त्यात ट्यूब रेक्टिफायर आहे, कॅथोड बायस आहे (पॉवर ट्यूबचा स्थिर करंट कॅथोडवरच्या रेझिस्टरने ठरवायची पद्धत), आणि पॉवर स्टेजला निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग उलटा करून मागे देऊन ॲम्पला आवरणं, अजिबात नाही. आवाज वाढवत नेला की तो दबतो, खरखरतो, सैलावतो. नील यंगच्या इलेक्ट्रिक गिटारचा ओळखीचा आवाज अनेक दशकं याच ॲम्पमधून आलेला आहे. याउलट १९६३ साली आलेला ट्विन रिव्हर्ब ८५ वॅटचा, सिलिकॉन डायोडच्या रेक्टिफायरचा, भक्कम ट्रान्सफॉर्मरचा आणि निगेटिव्ह फीडबॅकने आवरलेला. तो जागचा हलत नाही. नॅशव्हिलच्या कंट्री वादकांना हेच हवं असतं, कारण प्रत्येक नोट सुटी आणि चटकदार उमटली नाही तर त्यांची वेगवान पिकिंग गढूळ होते. ब्लूज वाजवणाऱ्याला मात्र ट्विनशी झगडावं लागतं. दोघांची पसंती बरोबर आहे, आणि दोघांच्याही ॲम्पमध्ये ट्यूबच आहेत. म्हणूनच ‘ट्यूब ॲम्पचा फील’ असं सरसकट बोलणं मला पटत नाही.

सॅगबद्दल आणखी एक समज असा, की रेक्टिफायर ट्यूबचा असला म्हणजे सॅग मिळालाच. घरी हळू आवाजात वाजवताना पॉवर ट्यूब फारसा जादा करंट ओढतच नाहीत, त्यामुळे व्होल्टेज घसरायचं कारण उरत नाही. सॅग कळतो तो ॲम्प त्याच्या मर्यादेजवळ पोचल्यावर. मेसा बूगीच्या ड्युअल रेक्टिफायरमध्ये ट्यूब आणि डायोड यांत निवड करायचं बटण आहे. खर्जात झपाट्याने रिफ वाजवणारे मेटलवादक बहुधा डायोड निवडतात, कारण दबणारा खर्ज त्यांच्या वाटेत येतो. तेवढ्यानेही भागत नाही, म्हणून ते ॲम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमर पेडल लावतात, त्याचा गेन कमी आणि लेव्हल जास्त ठेवून. ते पेडल खर्ज कापतं आणि ॲम्प घट्ट वाटू लागतो.

गिटारवादक एडी व्हॅन हेलन याची गोष्टही याच धाग्यातली. १९७८च्या पहिल्या अल्बममधला आवाज त्याने मार्शल ॲम्पला जादा व्होल्टेज देऊन काढला, अशी समजूत खूप पसरली होती. प्रत्यक्षात त्याने व्हेरिॲक, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर, लावून व्होल्टेज ९०च्या आसपास उतरवलं होतं. अमेरिकेतला पुरवठा १२० व्होल्टचा, तेव्हा ही उतरण मोठीच होती. समजुतीवर विश्वास ठेवून कुणी व्होल्टेज चढवलं, तर ट्यूब आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही हातचे जातील.

आता ट्रान्झिस्टर. ‘ट्यूब सम हार्मोनिक्स देतात म्हणून गोड, ट्रान्झिस्टर विषम देतात म्हणून कर्कश,’ हे वाक्य इतकं छापलं गेलंय की ते नियमच वाटतं. पण बहुतेक गिटार ॲम्पची पॉवर स्टेज पुश-पुल रचनेची असते, आणि त्या रचनेत पॉवर ट्यूबच्या दोन बाजूंनी निर्माण केलेली सम हार्मोनिक्स, म्हणजे मूळ कंपनसंख्येच्या सम पटीतले स्वर, आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये बरीचशी एकमेकांना रद्द करतात. म्हणजे कडेलोटाला नेलेल्या मार्शलची पॉवर स्टेज मुख्यतः विषम हार्मोनिक्सच देत असते, आणि तिला कुणी कर्कश म्हणत नाही. बी. बी. किंगने लॅब सिरीजचा एल५ हा ट्रान्झिस्टर ॲम्प वर्षानुवर्षं वापरला. १९७५ साली आलेला रोलंडचा जॅझ कोरसही ट्रान्झिस्टरचाच, आणि तो स्वच्छ आवाजासाठी आजही मागून घेतला जातो.

खरा फरक ॲम्प आणि स्पीकर यांच्या नात्यात आहे. त्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही, आणि मला तरी हा सगळ्या विषयातला सर्वांत रंजक भाग वाटतो. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेलं असतं, पण तो सगळ्या स्वरांना ८ ओहम नसतो. १२ इंची गिटार स्पीकर साधारण ७५ ते ११० हर्ट्झच्या दरम्यान कुठे तरी स्वतःहून घुमतो. तिथे त्याचा अवरोध कित्येक पटींनी वाढतो, आणि वरच्या स्वरांकडे तो पुन्हा चढत जातो. नेहमीच्या ट्रान्झिस्टर ॲम्पवर या चढउतारांचा परिणाम जवळपास होत नाही. कमी फीडबॅकचा ट्यूब ॲम्प मात्र त्यांच्यामागे जातो: खर्जात धक्का वाढतो, वर चमक वाढते, आणि कोन थरथरत राहतो तेव्हा त्याला लगाम कमी पडतो. छातीला जाणवणारा तो धक्का इथून येतो. ट्यूब ॲम्पवरचं प्रेझेन्सचं बटण याच फीडबॅकशी खेळतं. ट्रान्झिस्टर ॲम्पमध्येही करंट फीडबॅक वापरून हे वागणं आणता येतं आणि अनेक ॲम्पमध्ये ते आणलेलं आहे.

याच कारणाने आवाज कमी करायला ॲम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये साध्या रेझिस्टरचा ॲटेन्यूएटर लावल्यावर ॲम्प निर्जीव वाटतो. ॲम्पसमोर स्पीकरचे चढउतार उरत नाहीत, सगळीकडे सपाट ८ ओहम. स्पीकरसारखा वागणारा रिॲक्टिव्ह लोड लावला तर बरंच काही परत येतं. सगळं मात्र येत नाही, आणि उरलेला दोष ॲटेन्यूएटरचा नसतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं, की आवाज हळू झाला की कानाला खर्ज त्या मानाने जास्तच कमी ऐकू येतो. शिवाय मोठ्या आवाजात स्पीकरने हलवलेली हवा गिटारच्या लाकडाला आणि तारांना पुन्हा हलवते, त्यामुळे नोट लांबते. मुंबईतल्या फ्लॅटमध्ये, शेजारी भिंतीपलीकडे असताना, हे कोणत्याही उपकरणाने पुरतं मिळणार नाही.

वॅटचा हिशेब थोडक्यात. १०० वॅटचा ॲम्प ५० वॅटच्या दुप्पट मोठा वाजत नाही. फरक ३ डेसिबलचा पडतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. तेव्हा १०० वॅटच्या निम्म्या आवाजाचा ॲम्प साधारण १० वॅटचा असतो, आणि तो काही खोलीत वाजवायला शांत नसतो. ३ डेसिबलने जास्त संवेदनशील स्पीकर बसवला तर वॅट दुप्पट केल्याइतकंच काम होतं. जास्त वॅटने मिळतं ते मुख्यतः जास्त काळ स्वच्छ आणि ताठ राहणं, म्हणजे पुन्हा फीलच.

‘व्हॉक्स एसी३० क्लास ए आहे म्हणून तो असा झळाळतो,’ हेही कानावर पडतं. क्लास एमध्ये पॉवर ट्यूब कधीच बंद पडत नाहीत, पण पूर्ण आवाजात तो कॅथोड बायसवरचा क्लास एबीच असतो, म्हणजे त्या आळीपाळीने क्षणभर बंद पडतात. झळाळीचं श्रेय फीडबॅक नसण्याला आणि त्याच्या ईएल८४ ट्यूबना जास्त जातं.

ॲम्पची नक्कल करणारा डिजिटल मॉडेलर ‘उशिरा’ उत्तर देतो, या तक्रारीत तथ्य कधी असतं, कधी नसतं. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणून ॲम्पपासून ३ मीटरवर उभ्या असलेल्या वादकाला आपली नोट जवळजवळ ९ मिलिसेकंद उशिराच ऐकू येते आणि त्याची त्याला अडचण होत नाही. चांगला फ्लोअर मॉडेलर त्याहून कमी वेळ घेतो. संगणकावर वाजवताना मात्र ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर ठेवला, तर आत येताना ५.३ मिलिसेकंद आणि बाहेर जाताना तितकाच विलंब होतो. बफर ६४ सॅम्पलवर आणावा. एवढं करूनही मॉडेलर परका वाटला, तर घाई न करता त्यातली सॅगची सेटिंग बघावी. लाइन ६च्या हेलिक्समध्ये ती आहे. आणि हेडफोन काढून खोलीत स्पीकर लावावा.

ॲम्प निवडायला जाताना स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल न्यावी. केबलला मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो, त्यामुळे लांब केबलने पिकअपचे वरचे स्वर बोथट होतात आणि दोष ॲम्पवर जातो. गिटारचा व्हॉल्यूम १० वरून ६ वर आणून ॲम्प साफ होतो का, ते वाजवून पाहावं. ॲम्प जमिनीवर असेल तर त्याच्यासमोर वाकून एकदा ऐकावं, कारण १२ इंची स्पीकर वरचे स्वर सरळ पुढे फेकतो. उभ्या वादकाच्या गुडघ्यांना जी चमक मिळते ती त्याच्या कानाला मिळत नाही, आणि मग तो ट्रेबल वाढवत जातो. ॲम्प मागे तिरका टेकवला किंवा खुर्चीवर ठेवला, तर बटणांना हात न लावता तो वेगळा वाजू लागतो.