बैल जाण्याआधीचा झोपा

(तृतीय वर्ष, कला)

आमच्या मराठीच्या तासाला एकदा सरांनी ‘बैल गेला नि झोपा केला’ या म्हणीचा अर्थ विचारला. निम्म्या वर्गाने सांगितले की, बैल चोरीला गेला तरी धनी झोपूनच राहिला! सर हसले आणि म्हणाले, ‘‘अरे, झोपा म्हणजे झोप नव्हे. गोठ्याच्या तोंडाशी लावायचे कुडाकाट्यांचे दार म्हणजे झोपा. बैल चोराने नेल्यावर दार करून काय उपयोग, असा या म्हणीचा भाव आहे.’’ वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. आमच्या घरचा बैल तेव्हा नुकताच गेला होता. फरक एवढाच की त्याला चार पाय नसून दोन चाके होती.

२०२१ च्या दसऱ्याला वडिलांनी पतसंस्थेचे कर्ज काढून शंभर सीसीची मोटारसायकल घेतली. दोन्ही वेळचे दूध डेअरीला घालणे, वैरणीचा भारा आणणे, धाकट्या बहिणीला शाळेत सोडणे, आणि उरलेल्या वेळात माझे कॉलेज, एवढा संसार त्या गाडीवर चाले. जानेवारी २०२४ मध्ये एका सकाळी आण्णांनी ती तालुक्याच्या एस. टी. स्टँडबाहेर भिंतीच्या कडेला लावली, हँडल लॉक केले, दोनदा हलवून पाहिले, आणि आजारी आत्याला भेटायला ते एस. टी.ने जिल्ह्याच्या गावी गेले. पाच वाजता परत आले तेव्हा त्या जागी दुसऱ्याच कोणाची तरी गाडी उभी होती. कर्जाचे अकरा हप्ते राहिले होते. गाडी गेली, हप्ते राहिले.

आमच्या फिल्म क्लबमध्ये पुढे डी सिकाचा १९४८ सालचा ‘बायसिकल थीव्हज’ दाखवला. रोममधल्या एका बेकाराला भित्तिपत्रके चिकटवण्याची नोकरी मिळते, तिला सायकल लागते, आणि कामाच्या पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. शेवटी तो स्वतःच दुसऱ्याची सायकल पळवू पाहतो. चर्चेत पुष्कळजण वास्तववादावर बोलले. मला आण्णा आठवत होते. पंधरा दिवस ते प्रत्येक बाजारात गाड्यांच्या रांगांमधून आपल्या गाडीच्या टाकीवरचा पोचा शोधत फिरले होते.

त्यानंतर मी या विषयाचा पिच्छाच पुरवला. मेकॅनिक, कुलूपवाले, विम्याचे काम करणारे एक काका आणि वर्तमानपत्रातील कात्रणे यांतून जे कळले ते येथे मांडतो. आमच्या कॉलेजच्या स्टँडवर रोज दीड-दोनशे गाड्या लागतात आणि त्यांतील बहुतेकांची मदार एका हँडल लॉकवर असते, म्हणून ही उठाठेव.

आधी त्या हँडल लॉकचेच पाहू. हँडल एका बाजूला पूर्ण वळवून किल्ली फिरवली की कुलपातून बोटाएवढी एक खुंटी बाहेर येते आणि हँडलच्या दांड्याच्या खाचेत शिरते. हँडल सरळ होत नाही, म्हणून गाडी ढकलून नेली तर ती जागच्या जागी गोल फिरते. कल्पना चांगली आहे. पण आठवी-नववीत शिकलेली तरफ येथे चोराच्या बाजूने उभी राहते. खुंटी मध्यापासून इंच-दीड इंचावर, तर हँडलची मूठ सव्वा फुटावर. मुठीशी दिलेल्या धक्क्याचा जोर खुंटीपाशी पोहोचेपर्यंत दहापट होतो. तेव्हा हे कुलूप म्हणजे घराच्या दाराची कडी आहे, कुलूप नव्हे. ते लावावेच, पण त्यावर विसंबून परगावी जाऊ नये.

किल्लीचीही गंमत आहे. कुलपाच्या आत पातळ पत्र्या आणि त्यांना बारीक स्प्रिंगा असतात. किल्लीच्या खाचा बरोबर जुळल्या की साऱ्या पत्र्या एका पातळीत येतात आणि कुलूप फिरते. दहा-बारा वर्षे रोज फिरून किल्लीच्या खाचाही झिजतात आणि पत्र्यांच्या कडाही. मग ते कुलूप चोखंदळ राहत नाही; जवळपासची कोणतीही किल्ली त्याला चालते. ‘‘माझी गाडी कुठल्याही किल्लीने चालू होते,’’ असे आपल्यातील काहीजण कौतुकाने सांगतात, त्यांनी हे कौतुक आवरावे आणि नवा लॉकसेट बसवून घ्यावा. इंजिन, टाकी वगैरेंची कुलपे एकाच किल्लीची, एका संचात मिळतात. किल्लीवाचून वायरींशी खटपट करून गाडी चालू करता येते हे सर्वांना ठाऊक आहे. तिचा तपशील देत नाही, कारण हा अंक सर्वांच्याच हाती पडतो.

त्यावर मेकॅनिक मंडळींचा तोडगा सोपा आहे. सदऱ्याला जसा चोरखिसा, तसे गाडीला चोरबटन. इंजिनाकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत, सीटखाली किंवा अशाच आडजागी एक बारीक बटन बसवतात. ते बंद असले की किल्ली लावूनही गाडी चालू होत नाही, आणि चोराला नेमके काय बिघडले ते हुडकायला वेळ नसतो. मात्र बटन कोठे आहे ते चारचौघांत सांगत फिरू नये, आणि नवी गाडी असल्यास वायरिंगला हात लावल्याने वॉरंटीला बाध येतो का ते आधी विचारावे. जुने लोक याच कामी पेट्रोलचा कॉक बंद करीत. कार्बुरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी थोडे अंतर जाई आणि चोराला भर रस्त्यात सोडून बंद पडे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ची अट आल्यावर बहुतेक गाड्यांत कार्बुरेटर जाऊन इंजेक्शन आले आणि तो कॉकही गेला.

आता साखळी. या बाबतीत माझे मत ठाम आहे: चाक न फिरणे वेगळे आणि गाडी न हलणे वेगळे. पुढच्या डिस्कच्या भोकात अडकवायचे डिस्क लॉक चाक फिरू देत नाही, पण शंभर सीसीच्या गाडीचे वजन असते एकशेदहा किलोच्या आसपास. दोन धट्टेकट्टे गडी ती उचलून टेम्पोत टाकू शकतात. म्हणून गाडी कशाला तरी बांधली पाहिजे. जनावराला दावे असते ते खुंट्याला बांधण्यासाठी. नुसते गळ्यात घालून सोडण्यासाठी नव्हे. विजेचा खांब, जमिनीत पुरलेला लोखंडी पाइप, भिंतीतली कडी, यांपैकी काहीही चालेल. काहीच नसेल तर दोन मित्रांनी दोन गाड्या शेजारी लावून दोन्हींची चाके एकाच साखळीत घ्यावी. साखळी चाकाबरोबर चौकटीतूनही काढता आली तर उत्तम, कारण नुसते चाक बांधले तर चाक ठेवून गाडी नेणारेही आहेत.

हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारी साधी साखळी मऊ लोखंडाची असते आणि मोठ्या कातरीपुढे तिचे काही चालत नाही. पोलाद तापवून, झटकन थंड करून कडक केलेल्या कड्यांची साखळी महाग पडते, पण तीच घ्यावी. आणि एक बारीकशी गोष्ट, जी मला एका कुलूपवाल्या चाचांनी दाखवली. साखळी आणि कुलूप जमिनीला टेकू देऊ नये. जमिनीवर टेकलेल्या कुलपाला खालून ऐरण मिळते. हातोड्याचा घाव पुरा बसतो, कातरीचा एक दांडा जमिनीवर रोवून दुसऱ्यावर सगळे अंग टाकता येते. तेच कुलूप अधांतरी, साखळी आखूड आणि ताणलेली असली की घाव निसटतो. डिस्क लॉक वापरणाऱ्यांनी त्याच्यापासून हँडलपर्यंत एक भडक रंगाची दोरी बांधावी. कुलूप विसरून गाडी पुढे काढल्यामुळे आमच्या वर्गातला एकजण सर्वांदेखत तोंडावर पडला आहे. त्याचे नाव लिहीत नाही.

चोर गाडी कशी निवडतो याचा विचार केला तर जागा कशी निवडावी ते आपोआप कळते. दिखाऊ, दुर्मीळ गाडीपेक्षा गल्लोगल्ली दिसणारी गाडी त्याला सोयीची असते. ती गर्दीत मिसळते आणि सुटे भाग करून विकली तर गिऱ्हाईक लगेच मिळते. आणि त्याला हवा असतो वेळ. एस. टी. स्टँड, मंगल कार्यालय, इस्पितळ, जत्रेचे मैदान येथे गाडी लावणारा लवकर परतणार नाही हे उघड असते. आण्णांनी गाडी लावली आणि हातात पिशवी घेऊन एस. टी.त बसले, पाहणाऱ्याला आणखी काय सांगायला हवे होते? अशा वेळी दहा रुपये देऊन चिठ्ठी मिळणाऱ्या स्टँडवर गाडी लावावी. रोज एकाच कोपऱ्यात, एकाच वेळी लावणेही बरे नव्हे.

जी. पी. एस. यंत्राबद्दल अलीकडे फार बोलले जाते. ते उपग्रहांवरून आपली जागा ठरवते आणि मोबाइलच्या जाळ्यातून आपल्याला कळवते. म्हणजे त्यात सिमकार्ड आले, त्याचा रिचार्ज आला. तळघरात किंवा पत्र्याच्या बंद टेम्पोत ते मुके होऊ शकते. गाडी गेल्यानंतरचे हे साधन आहे. ठिकाण दिसले म्हणून चार मित्र घेऊन तिकडे धावू नये, पोलिसांना घेऊन जावे.

आपल्याकडे लग्नात आलेल्या भांड्यांवर नाव घालण्याची पद्धत आहे. पातेले हरवले तरी कोणाचे ते ओळखू येते. गाडीचेही तसेच करावे. टाकीच्या खाली, सायलेन्सरवर, चाकांवर गाडीचा नंबर कोरून घेतला तर सुटे भाग विकणाऱ्याची पंचाईत होते. चासी नंबर सतरा अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरे येत नाहीत, म्हणजे एक आणि शून्याशी घोटाळा होऊ नये. या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्यावा, इंजिन नंबरही टिपावा, आणि दोन्ही घरी ठेवावेत. आण्णांनी गाडीची सगळी कागदपत्रे गाडीच्याच डब्यात ठेवली होती. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना जी उच्च सुरक्षा नंबरपट्टी येते, आणि जुन्या गाड्यांनाही जी बसवून घ्यायची आहे, तिच्यावर लेसरने कोरलेला वेगळा क्रमांक असतो आणि तिची खिट्टी एकदा काढली की तुटते. तिच्याने चोरी थांबत नाही, पण एका गाडीची पट्टी दुसरीला लावणे अवघड होते.

हे सारे करूनही गाडी गेलीच तर? आम्हाला ठाण्यात सांगण्यात आले, ‘‘आठ दिवस शोधा, नाही सापडली तर या.’’ आण्णा निमूटपणे परत आले. येथेच चुकले. त्याच दिवशी प्रथम खबर नोंदवून घेण्याचा आग्रह धरायला हवा होता, कारण गाडी एखाद्या गुन्ह्यात वापरली गेली तर पहिला पोलीस आपल्याच दारात येतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी खबर देता येते, इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते (मात्र तीन दिवसांत सही करावी लागते), आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. आर. टी. ओ. आणि विमा कंपनी यांनाही लगेच लेखी कळवावे. खबर वेळेवर दिलेली असेल, तर विमा कंपनीला कळवण्यास झालेल्या उशिरामुळेच दावा फेटाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये म्हटले आहे. पण त्या भरवशावर बसू नये.

विम्याची गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली, कारण आमचे खरे नुकसान तेथे झाले. आमच्या विम्याच्या कागदावर २०२६ पर्यंतची तारीख होती. आण्णांनी ती मला बोट ठेवून दाखवली, ‘‘अजून दोन वर्षं आहेत की!’’ विम्याच्या काकांनी चष्मा लावून पाहिले आणि कागद हळूच परत दिला. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा त्रयस्थ विमा सक्तीचा झाला. आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर तो उपयोगी पडतो. चोरी त्यात येत नाही. चोरीची भरपाई ज्या भागात येते तो स्वतःच्या नुकसानीचा भाग आमच्या पॉलिसीत, पुष्कळांच्या असतो तसा, एकाच वर्षाचा होता आणि २०२२ च्या दसऱ्याला संपला होता. काही शेकड्यांचा हप्ता भरला असता तर? दोन ते तीन वर्षांच्या गाडीची किंमत मूळ किमतीच्या तीस टक्के कमी धरतात. आमची गाडी सत्तर हजारांची धरली तर एकोणपन्नास हजार होतात. त्यातून अकरा हप्ते फिटले असते. (दावा करताना कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, आणि तपास लागला नाही अशी पोलिसांची ‘अ’ समरी मागते. दुसरी किल्ली तेव्हा जपून ठेवावी. आमची खुंटीवर आहे.) ज्यांच्या गाडीला एक वर्ष उलटून गेले आहे त्यांनी आज घरी गेल्यावर तो कागद काढून दोन्ही तारखा वेगवेगळ्या वाचाव्या.

यंदा मी जुनी गाडी घेतली. ‘‘कागद मागाहून देतो, म्हणून स्वस्त,’’ असे सांगणारे दोघे भेटले. त्यांची गाडी कोणाच्या तरी आण्णांची असणार, म्हणून नमस्कार करून निघालो. तिसऱ्याची गाडी घेताना चासी नंबर पुस्तकाशी अक्षर-अक्षर ताडून पाहिला, आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या संकेतस्थळावर ती चोरीची नाही याची खात्री केली.

आमच्या कॉलेजच्या स्टँडला पत्रा आहे, पहारेकरी आहे, पण गाडी बांधायला काही नाही. मागच्या भिंतीलगत गुडघ्याएवढ्या उंचीवर एक लांब लोखंडी पाइप बसवून मिळावा, असा अर्ज आम्ही चाळीसजणांनी सह्या करून प्राचार्यांकडे दिला आहे. प्राचार्यांनी खर्चाचा अंदाज मागवला आहे. तोवर कडुलिंबाच्या झाडाला आमच्या दोन गाड्या बांधलेल्या असतात. बुंध्याच्या त्या बाजूला आणखी दोघांना जागा आहे.