‘कसं झालं?’ न विचारणारा पाहुणा

दुःखाच्या शेजारी : लेखांक ७

आपल्याकडे घरातलं माणूस गेलं की समाचाराला लोक येतात. दारात चपला काढतात, सतरंजीच्या कडेला टेकतात, थोडा वेळ जमिनीकडे बघतात आणि मग विचारतात, “कसं झालं हो?” विचारणाऱ्याच्या मनात आस्थाच असते. गप्प बसलं तर बरं दिसणार नाही, असंही वाटत असतं. पण आत बसलेल्या बाईला ती रात्र, ती रिक्षा, तो दवाखान्याचा जिना पुन्हा पहिल्यापासून चढावा लागतो. दिवसातून पंधरा-वीस वेळा, आणि दिवसकार्य होईपर्यंत रोज.

गेल्या आठवड्यात मानसिक प्रथमोपचारांबद्दल लिहिताना मी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ सालच्या मार्गदर्शिकेचा उल्लेख केला होता. संकटातून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसाला घडलेलं सांगायला भाग पाडू नका, असं ती बजावते. हे पटतं. पण मग त्याच्याजवळ जायचं तरी कसं? काही न विचारता, उपदेश न करता, नुसतं जवळ असणं माणसाला फार अवघड जातं. अमेरिकेतल्या एका चर्चसंस्थेने हे काम ज्यांच्यावर सोपवलं, त्यांच्याबद्दल आज लिहितो आहे. ती कुत्री आहेत.

शुक्रवार, १४ डिसेंबर २०१२. कनेक्टिकट राज्यातल्या न्यूटाऊन गावी सँडी हूक प्राथमिक शाळेत एका बंदूकधाऱ्याने २० मुलं आणि ६ मोठ्या माणसांना मारलं. सगळी मुलं सहा-सात वर्षांची. नाताळ दहा-अकरा दिवसांवर आलेला, घराघरांत झाडं सजलेली. दोन-तीन दिवसांत जगभरचे कॅमेरे गावात येऊन उभे राहिले. त्याच गर्दीत इलिनॉयहून, हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करून, दहाएक गोल्डन रिट्रीव्हर कुत्री आणि त्यांना सांभाळणारे स्वयंसेवक उतरले. क्राइस्ट द किंग ल्युथरन चर्च हा त्यांचा पहिला मुक्काम. कुत्र्यांच्या अंगावर निळी जाकिटं होती आणि त्यांवर लिहिलं होतं : मला कुरवाळा.

त्या दिवसांच्या बातम्यांतली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. वर्गात काय घडलं, हे आईवडिलांनाही नीट सांगू न शकलेला एक लहान मुलगा एका कुत्र्याजवळ बसला आणि त्याला ते सगळं सांगू लागला. त्या पोराचा विचार करून पाहा. आईला सांगावं तर आई रडेल, बाबांना सांगावं तर त्यांचा चेहरा बदलेल. मुलांना हे फार लवकर कळतं, आणि मोठ्यांना जपण्यासाठी ती गप्प राहतात. कुत्र्याचा चेहरा बदलत नाही.

ही कुत्री ल्युथरन चर्च चॅरिटीज या संस्थेची. तिचं काम तेव्हा शिकागोजवळच्या ॲडिसन गावातून चाले आणि प्रमुख होते टिम हेट्झनर. कुत्र्यांची कल्पना त्यांच्याकडे आली ती पुराच्या पाण्यातून. २००५ साली कतरिना चक्रीवादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवलं, तेव्हा मदतीला गेलेल्यांना एक गोष्ट वारंवार दिसली : छपरावर अडकलेली माणसं आपलं कुत्रं-मांजर मागे ठेवून होडीत चढायला तयार होत नव्हती. निवारा केंद्रांत प्राण्यांना मज्जाव होता. बसमध्ये चढताना एका लहान मुलाकडून त्याचं ‘स्नोबॉल’ नावाचं कुत्रं काढून घेतलं, ती बातमी देशभर गाजली. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, अमेरिकी संसदेने आपत्तीतल्या स्थलांतराच्या योजनांमध्ये पाळीव प्राण्यांचाही विचार झाला पाहिजे असा कायदा केला. जीव वाचवतानाही जे माणसाला सोडवत नाही, ते त्याला सावरायलाही उपयोगी पडेल, हा धागा हेट्झनर यांनी तिथे पकडला.

मग १४ फेब्रुवारी २००८ आला. नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठातल्या एका मोठ्या वर्गात गोळीबार झाला आणि पाच विद्यार्थी गेले. संस्थेने कुत्री त्या आवारात नेली. विद्यार्थी कुत्र्यांभोवती जमिनीवरच बसू लागले आणि बसता बसता बोलू लागले. त्याच वर्षी रीतसर उपक्रम सुरू झाला, मोजक्या कुत्र्यांनिशी. आज वीसहून अधिक राज्यांत मिळून त्यांची संख्या सव्वाशेच्या वर गेली आहे.

गोल्डन रिट्रीव्हर ही जात कुठून आली, ते वाचताना मी थबकलो. स्कॉटलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात लॉर्ड ट्वीडमथ यांनी ती पैदास केली. १८६८ साली त्यांच्या गिसाखन इस्टेटीवर पहिली पिल्लं जन्मली. हेतू शिकारीचा होता. मालकाने पक्षी टिपायचा आणि पाण्यात, दलदलीत पडलेला तो पक्षी कुत्र्याने दाताचा ओरखडाही न उमटवता उचलून आणून द्यायचा. म्हणजे बंदुकीच्या बाराने न दचकणं आणि घायाळ जीव तोंडात हलक्याने धरणं, हे दोन गुण पिढ्यान्‌पिढ्या निवडून या जातीत मुरवले गेले. बंदुकीच्या सोबतीसाठी घडवलेलं हे जनावर दीडशे वर्षांनी अशा गावांत जाऊन बसतं आहे, जिथे बंदुकीने लेकरं नेली. मला यात एक प्रकारचं प्रायश्चित्त दिसतं. ते अर्थात माणसाचं आहे. कुत्रं बिचारं नुसतं आपल्या स्वभावाला जागतं.

पण नुसत्या स्वभावावर हे काम होत नाही. प्रत्येक कुत्र्याला सुमारे दोन हजार तासांचं प्रशिक्षण दिलं जातं. भुंकायचं नाही, अंगावर उडी घ्यायची नाही, चाटत सुटायचं नाही, समोरून खार पळाली तरी उठायचं नाही. व्हीलचेअर, लिफ्ट, रुग्णालयातली यंत्रं, अचानक फुटलेला हंबरडा, यांतल्या कशानेही बिथरायचं नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, पडून राहायचं. उभा कुत्रा लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो आणि भीती वाटते. जमिनीवर आडव्या झालेल्या कुत्र्याजवळ मूल स्वतःहून येतं, त्याच्या पोटावर डोकं टेकतं, कानाशी खेळतं. तासाभरात अशी दहा मुलं येऊन जातात आणि कुत्रं तसंच पडून असतं.

अंध व्यक्तीसोबत चालणाऱ्या प्रशिक्षित कुत्र्याच्या जाकिटावर बहुधा ‘हात लावू नका’ असं लिहिलेलं असतं, कारण ते एकाच माणसासाठी कामावर असतं. अमेरिकेच्या १९९० च्या अपंग हक्क कायद्याने अशा कुत्र्यांना दुकानात, बसमध्ये, उपाहारगृहात सर्वत्र प्रवेशाचा हक्क दिला आहे. दिलासा देणाऱ्या कुत्र्यांना तो हक्क नाही. कुणी बोलावलं तरच त्यांना आत जाता येतं. कायद्याची ही मर्यादा संस्थेने आपल्या शिस्तीतही घेतली आहे : आमंत्रणाशिवाय जायचं नाही, आणि ज्यांच्याकडे जायचं त्यांच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. खर्च देणग्यांमधून चालतो.

साखळीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाचं प्रशिक्षण मला कुत्र्याच्या प्रशिक्षणाहून अवघड वाटतं. त्याला ऐकायला शिकावं लागतं. कुणी कुत्र्याला थोपटत उभं राहिलं तर कुत्र्याचं नाव सांगायचं, वय सांगायचं, आणि थांबायचं. बोलणं आलं तर येऊ द्यायचं, नाही आलं तरी ती भेट पुरी झाली असं समजायचं. कुत्र्यालाही माणसांच्या दुःखाचा शीण येतो, हे या लोकांना ठाऊक असतं. म्हणून साधारण दोन तास काम झालं की जाकीट उतरवायचं. जाकीट उतरलं की चेंडू, गवतात लोळणं, झोप.

यामागे शास्त्र किती आहे? काही आहे. २०१५ साली जपानमधल्या संशोधकांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवलं की कुत्रा आणि त्याचा मालक एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं; आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्यात काम करणारं हेच ते संप्रेरक. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात २४९ विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. कुत्र्या-मांजरांना नुसतं दहा मिनिटं कुरवाळल्यावर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी झाल्याचं त्यात आढळलं. पण परीक्षेच्या ताणातला विद्यार्थी आणि लेकरू गमावलेली आई यांच्यात फार अंतर आहे. आघातातून जडणारा मानसिक विकार कुत्र्याला थोपटून बरा होतो असं म्हणणं म्हणजे त्या आईची फसवणूक ठरेल. समुपदेशक लागतो, डॉक्टर लागतो, काळ लागतो. कुत्रं फार तर त्या दारापर्यंत सोबत करतं. आणि कुणाला कुत्र्याची भीती असते, कुणाला ॲलर्जी, कुणाच्या धर्माचारात कुत्र्याचा स्पर्श टाळतात. म्हणून कुत्रं माणसाकडे नेत नाहीत. वाटेल त्याने कुत्र्याकडे यावं, अशी सोय ठेवतात.

आता धर्माचा प्रश्न. तो टाळून पुढे जाणं मला प्रामाणिक वाटत नाही. हे लोक आपल्या कामाला सेवाकार्य म्हणतात, त्यांची प्रेरणा येशूची आहे हे उघड सांगतात, कुत्र्याच्या ओळखपत्रावर बायबलचं वचन छापलेलं असतं. शोकात माणूस हळवा असतो आणि हळव्या माणसाला धर्म विकणं हा जुना धंदा आहे, सर्वच धर्मांतला. त्यामुळे शंका यावी हे रास्तच आहे. माझी शंका पुष्कळशी फिटली ती ऑरलँडोमुळे. १२ जून २०१६ रोजी तिथल्या ‘पल्स’ नाइट क्लबमध्ये ४९ जणांची हत्या झाली. क्लब समलिंगी समाजाचा होता आणि गेलेल्यांत बहुतेक जण लॅटिनो. ही संस्था ज्या ल्युथरन परंपरेशी जोडलेली आहे, त्या मिसूरी सिनॉडला समलिंगी विवाह मान्य नाहीत. तरीही १२ कुत्री ऑरलँडोला गेली. रुग्णालयांत, शोकसभांत, मेणबत्त्या घेऊन उभ्या असलेल्या तरुणांमध्ये जाऊन बसली. कुत्र्याला सिद्धान्त ठाऊक नसतो. पण साखळी धरणाऱ्याला तो ठाऊक होता, आणि तिथे तो बाजूला ठेवून केवळ दुःखाशेजारी बसणं त्याने निवडलं. या निवडीचं मोल मला मोठं वाटतं.

बायबलच्या जुन्या करारातच याचं मूळ सापडतं. ईयोबाची मुलं, गुरंढोरं, सारं गेलं, अंग फोडांनी भरलं, तेव्हा त्याचे तीन मित्र भेटायला आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर एक शब्दही न बोलता बसले. आठव्या दिवसापासून ते समजावू लागले, कारणं सांगू लागले, तुझंच काही चुकलं असेल म्हणाले, आणि सगळं बिघडलं. ज्यू लोकांत शोकाच्या घरी गेल्यावर दुःखी माणूस बोलेपर्यंत आपण तोंड उघडायचं नाही असा रिवाज आहे, तो याच कथेवरून. आपल्या सतरंजीवरही तो यावा असं मला मनापासून वाटतं.

गावातून कॅमेरे निघून गेल्यावर काय होतं, हा या लेखमालेतला कायमचा प्रश्न. प्रत्येक कुत्र्याचा ईमेल पत्ता आणि फेसबुक पान ओळखपत्रावर असतं. भेटलेली मुलं नंतर त्यावर लिहितात, आणि कुत्र्याच्या नावाने उत्तर जातं. मिसूरीतलं जॉप्लिन २२ मे २०११ च्या वावटळीत उद्ध्वस्त झालं, दीडशेहून अधिक माणसं गेली. तिथल्या इमॅन्युएल ल्युथरन चर्चमध्ये मदतीला आलेल्या कुत्र्यांमागून पुढे कायमची कुत्री राहायला आली. कनेक्टिकटने तर २०१३ मध्ये कायदाच करून अशा प्रसंगी प्राण्यांसह धावून जाणारी पथकं तयार ठेवण्याची तरतूद केली.

पण या कुत्र्यांचा बराचसा काळ कुठल्याही बातमीत नसतो. ती एखाद्या चर्चची असतात, तिथल्याच एखाद्या कुटुंबात झोपतात. आठवड्यातले दिवस वृद्धाश्रमात, शाळेत, रुग्णालयात जातात. वाचताना अडखळणारी मुलं त्यांना गोष्टी वाचून दाखवतात, कारण कुत्रं चूक काढत नाही. वृद्धाश्रमातली एखादी आजी, जिला मुलाचं नाव आठवत नाही, कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत राहते. मग कधी तरी फोन येतो. कुठल्या तरी गावात काही तरी झालेलं असतं. गाडीत पाण्याची भांडी, खाणं, टॉवेल भरले जातात, जाकीट धुऊन ठेवलेलं असतं, आणि कुत्रं नेहमीसारखंच शेपूट हलवत मागच्या सीटवर चढतं.

(पुढील लेखांक : रस्त्याच्या कडेला साचत जाणारी फुलं, बाहुल्या आणि पत्रं यांचं पुढे काय होतं?)