सामाईक पूर्वज नसताना

आमच्या ऑफिसात दोन प्रॉडक्ट एकत्र करायचं ठरलं. बिलिंगचा कोड आमचा. गोदामाच्या नोंदींचा कोड विकत घेतलेल्या एका छोट्या कंपनीचा. दोन्ही गिटमध्येच, म्हणजे कोडचा प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रणालीत, पण वेगवेगळ्या रिपॉझिटरीत वाढलेले. "एवढं काय त्यात? त्यांचं फोल्डर उचल, आपल्यात टाक, एक कमिट मार," शेजारच्या टेबलावरून सल्ला आला. तसं केलं असतं तर काम चहाच्या आत उरकलं असतं.

मी मर्जची कमांड दिली आणि गिटनं सरळ नकार दिला: 'रिफ्यूझिंग टू मर्ज अनरिलेटेड हिस्टरीज'. हा नकार २०१६ सालच्या २.९ आवृत्तीपासूनचा. त्याआधी गिट असली लग्नं बिनबोभाट लावून द्यायचं. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी तर गिट जन्मल्यावर अडीच-तीन महिन्यांतच, जून २००५ मध्ये, पॉल मॅकेरस यांचा 'गिटके' हा स्वतंत्र प्रोजेक्ट असाच गिटमध्ये आणला होता. आता मात्र 'अलाउ अनरिलेटेड हिस्टरीज' असं मुद्दाम लिहून द्यावं लागतं.

नकार रास्तच आहे. नेहमीच्या मर्जमध्ये गिट तीन फाइली बघतं: तुझी, माझी, आणि फाटे फुटण्याआधीची. तिसरी हाताशी असली की ओळ कोणी बदलली नि कोणी तशीच ठेवली, हे कळतं. एकानंच बदलली असेल तर तो बदल मुकाट घ्यायचा. दोघांनी वेगवेगळी बदलली असेल तरच माणसाला उठवायचं. आमच्याकडे 'मर्ज-बेस' विचारलं तर उत्तर कोरं. मग कोणी बदललं हा प्रश्नच उरत नाही. दोन मजकूर शेजारी शेजारी, एवढंच.

म्हणून आधी त्यांच्याच रिपॉझिटरीत त्यांचा जवळपास सगळा पसारा एका फोल्डरात सरकवला, कमिट केला, मग मर्ज. बहुतेक फाइली एकमेकींना न भेटताच आत आल्या. मुळाशीच राहायला हव्यात अशा मोजक्या फाइली तेवढ्या भांडल्या: रीडमी, गिटइग्नोर, बिल्डची फाइल. बाणांच्या खुणांमध्ये वर आमचं, खाली त्यांचं.

या जागी मला नेहमी लॉ कॉलेज रस्त्यावरची भांडारकर संस्था आठवते. विष्णु सीताराम सुखठणकर १९२५ मध्ये तिथल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक झाले. माणूस केंब्रिजला गणित शिकलेला. शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या पोथ्या. १९६६ मध्ये काम पुरं झालं तोवर १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली होती. पाठ जुळवायचे कागद चौकटींचे. वरच्या ओळीत प्रचलित श्लोक, एका चौकटीत एक अक्षर. खाली प्रत्येक पोथीला एक आडवी ओळ आणि फरक असेल तिथे नेमक्या चौकटीत नोंद. आमचा 'डिफ' यापेक्षा फार वेगळं काही करत नाही, फक्त त्याला लिप्या वाचाव्या लागत नाहीत.

सुखठणकरांचा पूर्वज हरवलेला होता, आमचा कधी नव्हताच. हा फरक मोठा आहे. उत्तरेची नि दक्षिणेची परंपरा स्वतंत्रपणे एकच पाठ देत असेल तर तो जुना, असं ते धरू शकत. आमच्या दोन बिल्ड फाइलींत एखादी ओळ सारखी निघाली तर दोघांनी एकाच ठिकाणाहून उचलली, इतकंच सिद्ध होतं.

पण सुखठणकरांची खरी डोकेदुखी माझ्या सल्लागाराच्या जातकुळीतली होती. नकलकार एक पोथी उतरवताना दुसरीतलं आवडलेलं आत घालत, आणि कुठून घेतलं ते लिहून ठेवत नसत. अशा संकरामुळे पोथ्यांची शुद्ध वंशावळ मांडताच येईना. फोल्डर उचलून टाकणं म्हणजे हेच. पाच-सहा वर्षांच्या दुरुस्त्या एका कमिटखाली, माझ्या नावावर. उलट सुखठणकरांनी गणेशाला लेखनिक करणारी कथा मुख्य पाठातून काढली, पण परिशिष्टात छापली. टाकून दिली नाही.

मर्ज-कमिटला दोन आई-बाप असतात आणि दोघांची नोंद राहते. आता लॉग मागे मागे नेला तर तो दोन वेगळ्या पहिल्या कमिटांपाशी थांबतो. गोदामाच्या कोडात करआकारणीची एक विचित्र अट सापडली, तेव्हा 'ब्लेम' लावून ती कुणी, कधी आणि कुठल्या तक्रारीवरून घातली ते मिळालं. अट काढायची नाही, हे त्यावरून ठरलं.

बिल्ड अर्थातच मोडला. आमच्याकडे तारीख दिवसापासून, त्यांच्याकडे वर्षापासून. दोन्ही बाजूंच्या एकाच नावाच्या दोन सेटिंग्ज. यातलं गिटला काहीच दिसलं नव्हतं, कारण त्या ओळी वेगवेगळ्या फाइलींत होत्या. तारखा वर्षापासून लिहायचं ठरायला एक मीटिंग पुरली. रीडमीत वर कुणाचं नाव यावं, यावर अजून चर्चा चालू आहे.