हाडगिळ्याचें डोहाळजेवण

अंगणांतील झाडावर एखादा पक्षी घरटें बांधूं लागला, तर घरांतील मुलांस आनंद होतो आणि वडील माणसेंहि तो शुभशकुन समजतात. परंतु तो पक्षी पांच फूट उंच, टकल्या डोक्याचा, गळ्याखालीं मांसाची पिशवी लोंबणारा आणि उकिरड्यावरील मेल्या जनावरांवर ताव मारणारा असेल तर? त्याच्या घरट्यांतून तुळशीवृंदावनाशेजारीं कुजके मासे, हाडें आणि विष्ठा यांचा सडा पडूं लागला तर? सोंवळ्याओंवळ्याचा विचार कितीहि शिथिल असो, घरची गृहिणी 'आधीं तें झाड तोडा' असेंच म्हणेल. आणि तिला दोष तरी कोणत्या तोंडानें द्यावा?

आसामांतील कामरूप जिल्ह्याच्या दादरा, पचारिया व सिंगिमारी या गांवांतील गृहिणींपुढें हा प्रश्न दरवर्षीं हिंवाळ्याच्या तोंडीं उभा राहत असे. करकोच्याच्या कुळांतील या पक्ष्यास तिकडे 'हरगिला' म्हणतात. हाड गिळणारा तो हरगिला. मूळ संस्कृतच असल्यामुळें मराठी माणसास या नांवाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं. एके काळीं कलकत्त्याच्या रस्त्यांवर व घाटांवर हे पक्षी मुबलक दिसत. शहराची घाण ते फुकट साफ करीत, म्हणून त्यांस मान होता. कलकत्ता नगरपालिकेच्या जुन्या मानचिन्हावरहि त्यांची आकृति होती. पुढें पाणथळी बुजल्या, उंच झाडें तुटलीं, आणि मान जाऊन उपहास उरला. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं आसाम, बिहारांतील गंगाकांठ आणि कंबोडिया देश एवढ्याच ठिकाणीं हा पक्षी पिलें वाढवीत होता. साऱ्या जगांत त्याची संख्या हजाराच्या आसपास आली होती.

आतां कोणी म्हणेल, सरकारानें अभयारण्य करावें म्हणजे झालें. परंतु अडचण नेमकी तेथेंच आहे. हा पक्षी आपलें घरटें अरण्यांत न बांधतां माणसाच्या वस्तींत, कदंब, सांवर अशा उंच झाडांवर बांधतो. झाड असतें कोणाच्या तरी परसांत. मालकाच्या मनांत आलें कीं कुऱ्हाड पडते, आणि एका झाडाबरोबर अनेक घरटीं जमीनदोस्त होतात. तेव्हां त्या पक्ष्याचें जीवित कायद्याच्या पुस्तकावर अवलंबून नसून झाडाच्या मालकावर, आणि त्याहूनहि अधिक मालकाच्या घरांतील बाईमाणसांच्या सोशिकपणावर अवलंबून आहे.

२००७ सालीं प्राणिशास्त्राच्या अभ्यासक पूर्णिमादेवी बर्मन अशाच एका ठिकाणीं जाऊन पोहोंचल्या. झाड नुकतेंच तोडलेलें, घरट्यांतील पिलें खालीं पडलेलीं. त्यांनीं मालकास विचारलें, तों शेजारीपाजारी जमा झाले आणि त्यांचीच थट्टा करूं लागले. हरगिल्याचा एवढा पुळका असेल तर रोज येऊन आमचें अंगण झाडीत जा, असें त्यांस ऐकावें लागलें. त्या वेळीं घरीं त्यांच्या जुळ्या लहान मुली होत्या आणि डॉक्टरेटचा प्रबंध व्हावयाचा होता. त्यांनीं प्रबंध बाजूस ठेवला.

या ठिकाणीं एखादा पंडित असता तर त्यानें व्याख्यान दिलें असतें. बर्मनबाईंनीं ओळखलें कीं, ज्या घरांत आपण उपदेश करणार त्या घरांतील बाई व्याख्यानास येतच नाहीं. ती स्वयंपाकघरांत असते. म्हणून त्यांनीं गांवांतून पाककलेच्या स्पर्धा भरविल्या. बायका आपापले पदार्थ घेऊन आल्या; त्या निमित्तानें हरगिल्याच्या गोष्टी निघाल्या. ज्यांच्या परसांत घरटीं होतीं, त्या झाडमालकांचा चारचौघांत सत्कार झाला. काल ज्या झाडामुळें शेजारी नाक मुरडीत, त्याच झाडामुळें आज मालकास मान मिळूं लागला. झाडांखालीं जाळीं बांधून वरून पडणारीं पिलें वांचविण्याची व्यवस्था झाली.

परंतु मला सर्वांत मार्मिक वाटली ती गोष्ट निराळीच. आसामांत गर्भवतीस पंचामृत देण्याचा सोहळा असतो. आपल्याकडील डोहाळजेवणाचें तें भावंडच म्हणावयाचें. विणीच्या हंगामांत या गांवांतील बायका तोच सोहळा हरगिल्यासाठीं करूं लागल्या. एकत्र जमावें, गाणीं म्हणावींत, येणाऱ्या पिलांसाठीं मंगल चिंतावें! ज्या घरांत डोहाळजेवण झालें, तेथें कुऱ्हाड कशी उगारावी? बाळंतपणासाठीं आलेली लेक घर घाण करते म्हणून तिला कोणी बाहेर काढीत नाहीं. बाळंतिणीची खोली धुणें हें घरच्यांचें कर्तव्यच ठरतें. हरगिला घाण करीत होता तेवढीच आजहि करतो. त्याचें नातें मात्र बदललें, आणि नातें बदलल्याबरोबर घाणीचा अर्थहि बदलला.

पुढें या स्त्रियांस माग व सूत मिळालें. गामोसा आणि मेखला-चादर यांवर त्या हरगिल्याची आकृति विणूं लागल्या, आणि पक्ष्याबरोबर घरांत चार पैसेहि आले. 'हरगिला सेना' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या मेळ्यांत २०२२ सालापर्यंत दहा हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. आरंभीं या तीन गांवांत अवघीं २८ घरटीं होतीं. त्याच २०२२ पर्यंत तीं अडीचशेंच्या वर गेलीं. त्या वर्षीं संयुक्त राष्ट्रसंघानें बर्मनबाईंस पर्यावरणविषयक सर्वोच्च सन्मान दिला, आणि २०२३ सालीं हा पक्षी संकटग्रस्तांच्या जागतिक यादींतून दोन पायऱ्या सुरक्षित वर्गांत गेला. भय मात्र टळलेलें नाहीं. पाणथळीवरील माणसाचें आक्रमण चालूच आहे.

मी आयुष्यभर मुलांस शिकविलें. 'पक्षी आपले मित्र आहेत' हें वाक्य मीं किती पिढ्यांकडून पाठ करून घेतलें असेल याची गणती नाहीं. मुलें उत्तम गुणांनीं उत्तीर्ण झालीं, आणि शाळेच्या कौलांखालचीं चिमण्यांचीं घरटीं दर उन्हाळ्यांत नियमानें काढून टाकण्यांत आलीं. त्या कामास मुलें मींच लावीत असें. त्यांत विसंगति आहे असें मला तेव्हां एकदांहि वाटलें नाहीं. कारण धडा पुस्तकांत होता आणि घरटें भिंतींत.

कामरूपच्या स्त्रियांनीं धडा पुस्तकांतून काढून माजघरांत आणला. आपलीं एकत्र कुटुंबें अद्याप व्रतें, ओंव्या आणि डोहाळजेवणें विसरलेलीं नाहींत. गाय, नाग, वड आणि तुळस यांना आपल्या आज्यापणज्यांनीं याच वाटेनें घरांत घेतलें. ती वाट अजून मोकळी आहे. यंदा माझ्या खोलीच्या वळचणीस चिमण्यांनीं काड्या आणण्यास आरंभ केला आहे. खालीं कचरा पडतो म्हणून सूनबाईंनीं प्रथम केरसुणी उचलली. मग हरगिल्याची हकीकत ऐकून त्या हंसल्या आणि त्यांनीं खालीं एक जुनें घमेलें ठेवलें. रोज सकाळीं तें मी रिकामें करतों.