पाच रुपयांत पाच किलोमीटर

मुंबईत स्वस्त काय, असं विचारलं की लोकलचा पास हे उत्तर ठरलेलं. पण लोकल दारापर्यंत येत नाही. घर ते स्टेशन आणि स्टेशन ते कामाची जागा, या दोन टोकांना खिशाला कात्री लागते. तिथे हातावर पोट असणाऱ्याला परवडणारं वाहन एकच, बेस्टची बस.

माहुलचंच पाहा. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवल्यावर तिथल्या अनेक कुटुंबांना तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारच्या या वसाहतीत घरं मिळाली. पत्ता बदलला, पण धुण्याभांड्यांची घरं जुन्या वस्तीजवळच राहिली. रेल्वे स्टेशन लांब. मग बसची वाट पाहणं आलंच.

९ जुलै २०१९ रोजी बेस्टने किमान तिकीट ८ रुपयांवरून ५ वर आणलं, एसी बसचं तर २० वरून ६ वर. पाच रुपयांत पाच किलोमीटर! शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहणारे बसथांब्यावर परतले, प्रवासी भराभर वाढले. ९ मे २०२५ पासून मात्र तेच तिकीट १० रुपये झालं, एसीचं १२.

दहा रुपयांत हल्ली येतं तरी काय, असं म्हणणं सोपं आहे. पण जाताना दोन आणि येताना दोन बस धरणाऱ्या बाईला महिन्याच्या २६ दिवसांना ५२० रुपये लागत. आता १,०४० लागतात. पास काढावा, तर पैसे एकरकमी हवेत. आणि बस आलीच नाही तर रिक्षा. तिचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये आहे, तेही जेमतेम दीड किलोमीटरला.

स्वस्त तिकिटाचा भार इतकी वर्षं कोण उचलत होतं? बेस्टकडे बसबरोबर वीजही आहे. कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतच्या घरांना आणि दुकानांना ती वीज पुरवते आणि त्या कमाईतून बसची तूट भरून निघे. म्हणजे चर्चगेटच्या कचेरीतला एसी गोवंडीच्या बसला हातभार लावत होता. शहराने आपापसांत केलेली ही वाटणी होती, आणि वाईट मुळीच नव्हती. पण २००३ च्या वीज कायद्यानंतर ती टिकवणं अवघड झालं. बसच्या तोट्याचा बोजा आमच्या बिलावर का, ही वीजग्राहकांची तक्रार नियम पाहता चुकीची नव्हती. उपनगरांत तर वीज दुसऱ्याच कंपन्यांची. तिथल्या प्रवाशांसाठी शहरातल्या ग्राहकांनी का भरावं, हाही मुद्दा होताच. तो भार मग महापालिकेच्या अनुदानावर आला, आणि अनुदानासाठी दर वेळी हात पसरणं आलं.

दरम्यान ताफा आटला. एके काळी चार हजारांहून अधिक बस होत्या; तिकीट दुप्पट झालं तेव्हा त्या तीन हजारांच्या आत आल्या होत्या. त्यांतल्या बहुतेक भाड्याच्या, म्हणजे गाडी आणि ड्रायव्हर कंत्राटदाराचे. परवडत नाही म्हणत काही कंत्राटदारांनी मध्येच काम सोडलं, आणि फेऱ्या एका फटक्यात बंद पडल्या.

पैसा नाही, असंही नाही. सुमारे १४,००० कोटींच्या सागरी किनारा मार्गावर मोटारींना टोल नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, आणि सात महिन्यांतच बसचं तिकीट दुप्पट. मोटारवाल्याला दिलेली सवलत कुणी तूट म्हणून मोजत नाही. बसवाल्याची मात्र मोजली जाते.

एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे. बेस्टला ती योजना लागू नाही. माहुलची बाई सणाला एसटीने गावी गेली तर अर्ध्या तिकिटात जाते. दुसऱ्या आठवड्यात कामावर निघाली की पुन्हा पूर्ण दहा रुपये मोजते.