तलवार म्यान कर, दादा!

आमच्या घराण्यात एक आख्यायिका आहे. माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, १९९२ साली इराणच्या राजकन्येला दुष्ट वजिराच्या कैदेतून सोडवले, ती ही आख्यायिका. दादाच्या लग्नात ती वहिनीच्या माहेरच्यांना सांगून झाली, पुढे त्याच्या मुलांना जेवताना सांगून झाली, आणि दर भाऊबिजेला फराळाच्या ताटांवर तिची उजळणी होतेच. मी ती गेली तीस-बत्तीस वर्षे मुकाट्याने ऐकत आले आहे. भावाच्या बढाया बहिणीने चारचौघांत मोडू नयेत, असे आमच्या आईने शिकवले आहे. परंतु खरी गोष्ट अशी, की त्या दिवसांत दादाच्या शेजारच्या खुर्चीवर मीच बसलेली असे. आणि राजकन्या सुटल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

त्या वेळी मी आठवीत होते आणि दादा अकरावीत. नारायण पेठेत मामांची आयकराच्या कामाची कचेरी होती. तिथे नुकताच एक कॉम्प्युटर आला होता. त्याच्यासाठी काचेची वेगळी खोली, खोलीला थंड हवेचे यंत्र, आणि दाराबाहेर चपला काढून ठेवायची सक्ती! देवघराइतकेच सोवळे त्या खोलीला होते. शनिवारी संध्याकाळी कारकून मंडळी घरी गेली, की मामा आम्हां दोघांना दीड तास तिथे बसू देत. कोणीतरी कोणाकडून उतरवून आणलेल्या एका फ्लॉपीवर 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ होता. (अशी नक्कल करणे चोरी असते, हे आम्हांला पुष्कळ उशिरा कळले.)

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सुलतान मोहिमेवर गेला आहे. मागे जाफर नावाचा वजीर राज्य बळकावून बसला आहे. तो राजकन्येपुढे वाळूचे घड्याळ ठेवतो आणि बजावतो, की तासाभरात माझ्याशी लग्नाला तयार हो, नाहीतर मर. तिचा प्रियकर तळघरातल्या अंधारकोठडीत फेकलेला असतो. त्याने तिथून निघायचे, तलवार शोधायची, पहारेकऱ्यांशी लढायचे, आणि एकेक मजला पार करीत मनोऱ्यावर पोहोचायचे. हे सगळे साठ मिनिटांत! आणि ही साठ मिनिटे खरोखरीची, आपल्या मनगटावरच्या घड्याळाची. दोन मजल्यांवरून पडलात तर एक प्राण कमी होतो, तीन मजल्यांवरून पडलात तर खेळ खलास. धावत गेलात तर जमिनीतले सुळे पोटात शिरतात, पावलापावलाने गेलात तर काही करीत नाहीत. मेलात तर तो मजला पुन्हा पहिल्यापासून. पण घड्याळ मात्र मागे फिरत नाही. कंट्रोल आणि 'जी' ही बटणे एकदम दाबून डाव राखून ठेवता येई, पण गेलेली मिनिटे गेलेल्याच जमेला राहत.

खेळायचा तो दादा. माझ्याकडे दोन कामे होती. एक, चौकटीच्या वहीत प्रत्येक मजल्याचा नकाशा काढायचा. दुसरे, दादा 'किती?' म्हणाला की स्पेसचे लांब बटण दाबून उरलेली मिनिटे मोठ्याने वाचायची. बाणांच्या बटणांना हात लावण्याची मला परवानगी नव्हती. 'तुझा हात बसलेला नाही गं,' असे दादा म्हणे. हात लावल्याशिवाय तो बसणार कसा, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. सुचला असता तरी विचारला नसता.

चौथ्या मजल्यावर एक विलक्षण प्रकार होतो. बाहेरचा दरवाजा उघडून परत यावे, तो वाटेत एक आरसा उभा! मघाशी तो तिथे नव्हता. वाट अडलेली. धावत येऊन त्या आरशातच उडी घ्यावी लागते. आपण पार होतो. पण त्याच क्षणी आपले प्रतिबिंब दुसऱ्या बाजूने बाहेर पडून पळत सुटते, आणि आपला एकच प्राण शिल्लक राहतो. पुढे ही सावली आपल्याला छळू लागते. पाचव्या मजल्यावर आपण धडपडत जावे, तर मोठी औषधाची बाटली तीच पिऊन टाकते. सहाव्यावर आपण उडी मारणार, तोच ती कळीवर पाय देऊन समोरचे फाटक पाडते. भाऊबहिणींच्या घरात वाढलेल्या माणसाला या सावलीची ओळख करून द्यावी लागत नाही.

या सावलीचा जन्म कसा झाला, ते मी परवा वाचले आणि मला मोठी मौज वाटली. हा खेळ जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने जवळजवळ एकट्याने रचला. येल विद्यापीठात शिकत असतानाच त्याने 'कराटेका' नावाचा एक खेळ केला होता. १९८५ साली त्याने हा दुसरा खेळ मनात घेतला आणि १९८९ मध्ये तो 'ॲपल टू' या यंत्रासाठी बाहेर आला. आमच्या मामांकडच्या जातीच्या यंत्रांवर तो पुढच्या वर्षी आला. मेकनरला राजपुत्राच्या चालीत खऱ्या माणसाची लकब हवी होती. म्हणून त्याने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून धावायला, उड्या मारायला आणि कठड्याला लोंबकळायला लावले, त्याचे चित्रण केले, आणि एकेक चित्र थांबवून त्याची आकृती गिरवून यंत्रात उतरवली. म्हणूनच तो राजपुत्र कडेला येऊन थबकतो तेव्हा आपलाही तोल जातो. तलवारबाजी मात्र त्याने १९३८ सालच्या 'रॉबिन हूड' चित्रपटातून, एरॉल फ्लिन आणि बेझिल रॅथबोन यांच्या द्वंद्वातून उचलली. नाव झाले थोरल्याचे, धावून दमला धाकटा! माझी सहानुभूती कोणाकडे गेली असेल ते सांगायला नको.

या आकृत्यांनीच यंत्राची सारी स्मरणशक्ती भरून गेली. शत्रू घालायला जागाच उरली नाही. खेळात झुंज हवी, असा मित्रमंडळींचा आग्रह. आणि जागा तर नाही. शेवटी नवे चित्र न घालता, राजपुत्राचीच आकृती जरा सरकवून तिच्यावरच उलटी उमटवली, तेव्हा एक थरथरती, भुतासारखी छाया तयार झाली. घरात दुसऱ्या माणसाला जागा नाही म्हणून त्याच माणसाचे दोन केले. मुंबईच्या चाळीत राहिलेल्यांना ही युक्ती सहज पटेल.

बाराव्या मजल्यावर, मनोऱ्यात अगदी वर, ही सावली तलवार उपसून समोर उभी राहते. दादा तिथे पोहोचला तेव्हा आमच्याजवळ नऊ मिनिटे होती. त्याने सपासप वार केले. सावली पडली, आणि तिच्याबरोबर आमचा राजपुत्रही पडला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. प्राण दाखवणाऱ्या लाल त्रिकोणांकडे पाहण्याचे काम माझेच असल्यामुळे मला एक गोष्ट दिसली. सावलीला वार लागला, की आपलाही एक त्रिकोण विझतो.

'दादा,' मी म्हटले, 'तलवार म्यान कर.'

'आणि त्याने मारलं म्हणजे?'

'नाही मारायचा. तो तूच आहेस.'

'मिनिटं वाच तू,' दादा म्हणाला.

मी मिनिटे वाचली. आठ. सहा. तीन. मग शून्य. पुढच्या शनिवारी मामांच्या कचेरीत हिशेबाची गर्दी होती, त्याच्या पुढच्या शनिवारी दादाची परीक्षा. उन्हाळ्यात मामांनी नवे यंत्र घेतले आणि जुने विकले. राखून ठेवलेला डावही त्याच्याबरोबर गेला. पुढल्या वर्षी दादा इंजिनियरिंगला कराडला गेला. पहिल्या दिवाळीला घरी आला तोच मुळी राजकन्येची सुटका घेऊन! तिथल्या वसतिगृहात खेळला असेल, असे मी स्वतःला समजावले. खरे सांगायचे तर माझे तरी कुठे खात्रीचे होते? तलवार म्यान केली असती तर काय झाले असते, हे मला ठाऊक नव्हते. नंतर ते शोधून काढायला पुष्कळ साधने आली, पण मी कोणालाही विचारले नाही. मला कोणाकडून ते ऐकायचे नव्हते.

गेल्या मे महिन्यात मुलगी सुट्टीला आली होती. जुने खेळ नव्या यंत्रावर चालवण्याची 'डॉसबॉक्स' नावाची सोय तिने मला करून दिली, आणि पंचेचाळिशी उलटल्यावर मी पहिल्यांदा त्या बाणांच्या बटणांवर बोटे ठेवली. हात खरोखरच बसलेला नव्हता! पहिल्या रात्री मी पहिल्याच मजल्यावर सतरा वेळा मेले. यजमान दोनदा पाणी प्यायला उठले, आणि काही न बोलता परत जाऊन झोपले. चौथ्या रात्री तिसऱ्या मजल्यावरच्या सांगाड्याला मारता येत नाही, कड्यावरून ढकलावे लागते, हे आठवले. वही केव्हाच रद्दीत गेली होती, पण नकाशे बोटांत शिल्लक होते. कुठली फरशी डुगडुगते, कुठे जबडे कातरतात, हे मी काढलेल्या रेघांसकट दिसे. आठव्या मजल्यावर फाटक बंद होऊन राजपुत्र कोंडला जातो, तेव्हा राजकन्येने पाठवलेला पांढरा उंदीर येऊन कळ दाबतो. लहानपणी आम्ही त्याला 'बाप्पाचा उंदीर' म्हणत असू. तो आला तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले. सुरू करतानाच 'मेगाहिट' हा शब्द लिहिला तर मजले ओलांडण्याची चोरवाट मिळते, हे मुलीने सांगितले होते. मी ती घेतली नाही.

तेराव्या रात्री सावली समोर आली. अकरा मिनिटे उरली होती. तिने तलवार उपसली, मीही उपसली. ती आपोआपच उपसली जाते. मी खालच्या बाणाचे बटण दाबले. राजपुत्राने तलवार म्यान केली.

सावलीनेही केली. मग दोघे एकमेकांकडे चालत आले, एक लखलखाट झाला, आणि समोर एकच माणूस उरला.

पुढे जिथे निव्वळ पोकळी दिसते, तिथे बेधडक धावत सुटायचे असते. पायांखाली फरशा उमटत जातात. ते मला ठाऊक नव्हते, दोनदा चुकीच्या बाजूला उडी मारून मेले. जाफरने आणखी दोनदा मारले. तो पडला तेव्हा चार मिनिटे शिल्लक होती. राजकन्येच्या दालनाचे दार उघडले, दोघांची भेट झाली. इतके छोटे चित्र, चेहरा म्हणजे चार ठिपके, पण मी चष्मा काढून पुसला.

सकाळी दादाला फोन केला.

'प्रिन्स पुरा केला,' मी म्हटले.

'तू? छान! हात बसला म्हणायचा.' मग थोडे थांबून, अगदी सहज विचारल्यासारखे तो म्हणाला, 'बाराव्या मजल्यावर ती सावली होती बघ... तिला कसं मारलंस?'

'का? तू नाही का मारलीस?'

पलीकडे वहिनी कुकर लावत असल्याचा आवाज येत होता. दादा बराच वेळ बोलला नाही.

'मने,' शेवटी तो हळू आवाजात म्हणाला, 'म्यानच करायची होती का गं?'

'हो.'

'भाऊबिजेला येतोय,' तो म्हणाला. 'ते यंत्र लावून ठेव. तू खेळ, मी मिनिटं वाचतो. आणि हे बघ, मुलांसमोर काही बोलू नकोस.'